पुस्तकाने मूल वाचले

माझी भाची अकरावीला आहे. मागच्या सुट्टीत ती तीन आठवडे आमच्याकडे राहायला होती. एके रात्री दस्तरखान उचलून झाल्यावर तिने एक वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “खालाजान, तुम्ही इतकी वर्षे शाळेत व्याकरण शिकवलंत. यात काय चुकलं ते सांगा ना.” वहीत तीनच शब्द होते. त्यातला एकही मला ओळखता येईना.

“ही कुठली भाषा गं?”

“क्लिंगॉन.”

“कुठल्या मुलुखातली?”

“कुठल्याच नाही. ‘स्टार ट्रेक’ नावाच्या अमेरिकन मालिकेत परग्रहावरचे योद्धे आहेत, त्यांची.”

आमचे हे वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, “पृथ्वीवरच्या संपल्या वाटतं!”

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखीच होती. पण पोरीचा चेहरा पाहून मी हसले नाही. आठवीत असताना वर्गात उभी राहून इंग्रजीत चार वाक्ये बोलताना तिचे क्रियापद चुकले होते. सगळा वर्ग हसला, शिकवणारेही हसले. तेव्हापासून ती इंग्रजीचा पेपर उत्तम लिहिते, पण तोंड उघडत नाही. ही नवी भाषा मात्र तिने स्वतःच्या हौसेने, मोबाइलवरच्या ड्युओलिंगोवर धरली होती. तिथे दिलेली वाक्ये जुळवणे तिला जमत होते. पहिल्यांदाच स्वतःचे एक वाक्य करायला गेली आणि ते चुकले. “मला व्याकरण येतच नाही. सोडून देते आता,” ती म्हणाली.

तिला लिहायचे होते, ‘मूल पुस्तक वाचते’. तिने लिहिले होते “पूक़ लाड पाक़”. त्याचा अर्थ होतो, पुस्तक मुलाला वाचते!

भाषा सोडली असती तरी कुणाचे काही बिघडणार नव्हते. क्लिंगॉन न आल्यामुळे कुणाची नोकरी अडत नाही. पण ‘मला येतच नाही’ हे वाक्य त्या पोरीच्या तोंडी कायमचे बसू नये असे मला वाटले. म्हणून ते तीन आठवडे आम्ही दोघी मिळून क्लिंगॉन शिकलो. ती माझ्यापुढे दहा पावले होती आणि मी तिच्यामागे धापा टाकत.

आधी या भाषेची थोडी हकिकत सांगते. 1979 साली ‘स्टार ट्रेक’चा पहिला चित्रपट आला. त्यात परग्रहावरच्या योद्ध्यांना काहीतरी परके बोलायला हवे होते, म्हणून मालिकेत जहाजाच्या इंजिनिअरचे काम करणारे नट जेम्स डूहान यांनी घशातून येणारे काही आवाज रचून दिले. ती भाषा नव्हती, नुसते आवाज होते. 1984 च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मात्र खरी भाषा हवी असे ठरले, आणि ते काम मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञाकडे गेले. डूहान यांचे आवाज मोडायचे नाहीत, उलट त्यांवरच इमारत बांधायची, अशी त्यांची अट होती. 1985 मध्ये त्यांचा ‘द क्लिंगॉन डिक्शनरी’ हा छोटा ग्रंथ आला आणि 1992 मध्ये त्याची वाढीव आवृत्ती निघाली. नाव शब्दकोशाचे असले तरी व्याकरणही त्यातच आहे.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. चित्रीकरण चालू असताना एखाद्या नटाचा उच्चार चुकला आणि तो प्रसंग तसाच ठेवायचे ठरले, तर ओक्रांड पुन्हा पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरत नसत. ते भाषाच त्या चुकीला जुळवून घेत. ज्या भाषेच्या पायातच चुका चिणलेल्या आहेत, तिथे एका अकरावीच्या मुलीच्या चुकीचे काय घेऊन बसायचे?

आता आवाजांकडे येऊ. क्लिंगॉनमध्ये 21 व्यंजने आणि 5 स्वर आहेत. अमेरिकन माणूस इथेच अर्धमेला होतो. ‘क़’ हा घशाच्या तोंडाशी उच्चारायचा वर्ण त्याला येत नाही, ‘ख़’ आणि ‘ग़’ त्याला खाकरल्यासारखे वाटतात, आणि हमजा, म्हणजे घशातला तो छोटासा अडकाव, शब्दाच्या शेवटी कसा म्हणायचा हे त्याला समजत नाही. आमच्या भाचीला यातले काहीच शिकावे लागले नाही. लहानपणी मकतबमध्ये क़ाफ आणि काफ यांतला फरक होईपर्यंत उस्तादांनी तिला पुढच्या ओळीवर जाऊ दिले नव्हते. त्या तालमीचा मान वेगळा आणि या खेळाची जागा वेगळी, पण जीभ आणि घसा तर तेच आहेत ना! मखरज पक्के असलेल्या मुलाला क्लिंगॉनचे चार अवघड वर्ण फुकटात मिळतात.

दोन वर्ण मराठीने दिले. क्लिंगॉनमधला ‘ड’ अमेरिकनांना जीभ मागे वळवून शिकावा लागतो, आपण तो ‘डाळ’ म्हणताना रोज वापरतो. आणि क्लिंगॉनमधला ‘स’ हा स नाही, श पण नाही, तो आपला पोटफोड्या ‘ष’ आहे. आपण बहुतेकजण हल्ली ‘षटकोन’ म्हणताना शच म्हणतो ही गोष्ट वेगळी. जुन्या मास्तरांनी घोटून घेतलेला ‘ष’ शेवटी परग्रहावर कामाला आला म्हणायचा. ज मात्र ‘जीवन’मधला घ्यावा, ‘जाळे’मधला नाही.

पण आपली गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. ओठ गोल करून म्हणायचा व आणि वरचे दात खालच्या ओठाला लावून म्हणायचा व, हे क्लिंगॉनमध्ये दोन स्वतंत्र वर्ण आहेत. मराठीत एकच व, उर्दूतही एकच वाव. दातांचा व आपण इंग्रजी शब्द लिहिताना ‘व्ह’ लिहितो, तसाच इथेही लिहिते. “व्हिलाड” म्हणजे ‘मी ते वाचते’, आणि “विलाड” म्हणजे ‘आम्ही ते वाचतो’. नुसते दात ओठाला लागले की नाही यावर मी आणि आम्ही ठरतात! लखनौकडच्या ‘हम’वाल्यांना याचे काही वाटणार नाही, पण बाकीच्यांनी सांभाळावे. तसेच “क़ाख़” म्हणजे ‘साहेब’. पण पहिला वर्ण क़ आणि ख़ एकत्र घासून म्हटला, “क़्ख़ाख़”, की अर्थ होतो ‘मदत करणे’. आणि एक त्ल असा वर्ण आहे, ज्यात जीभ त साठी लावायची आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायची. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत तो आहे. या लोकांचे स्वतःच्या भाषेतले नाव “त्लिंगान” असे आहे. इंग्रजांच्या जिभेवर त्याचे क्लिंगॉन झाले. हा वर्ण मला अजून नीट येत नाही. भाची माझ्यापुढे आरसा धरून बसते.

मग आम्ही त्या चुकलेल्या वाक्याकडे वळलो.

मराठीत आणि उर्दूत कर्ता आधी, मग कर्म, शेवटी क्रियापद. इंग्रजीत कर्ता, क्रियापद, कर्म. अरबीत बहुधा क्रियापद पुढे येते, मग कर्ता, मग कर्म. ज्या घरात या सगळ्या भाषा कानावर पडतात तिथल्या मुलांना वाक्याचे तीन साचे न शिकवता माहीत असतात. क्लिंगॉनचा साचा या तिन्हींच्या बाहेरचा आहे. आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. ओक्रांड यांनी तो मुद्दाम निवडला, कारण माणसांच्या भाषांमध्ये तो फारच विरळा आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलातली हिश्करियाना ही त्या थोड्यांपैकी एक.

पुस्तकात हा नियम एका ओळीत दिलेला असतो. भाचीला तो पाठही होता. विचारले तर धडाधड सांगत होती, आणि लिहायला बसली की इंग्रजीचा क्रम लावत होती. पाठ असणे आणि हाताला येणे यांत अंतर असते, ते आणखी दहा वेळा पाठ करून मिटत नाही. मग मला आमची अम्मी आठवली. आम्ही लहान असताना ती खिडकीतून शेजारणीला सांगायची, “अभ्यास करतेय पोरगी.” “चहा पितायत हे.” “पुस्तक वाचतंय पोर.” हाच की तो साचा! कर्म, क्रियापद, कर्ता. बोलीभाषेत आपण रोज असे बोलतो, फक्त निबंधात लिहीत नाही. मी भाचीला म्हटले, “क्लिंगॉन लिहायच्या आधी ते वाक्य नानीसारखं खिडकीतून ओरडून बघ.” ‘पुस्तक वाचतंय पोर’. “पाक़ लाड पूक़”. त्या दिवसानंतर तो क्रम तिचा पुन्हा चुकला नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ असल्यामुळे शब्द कुठेही हलवले तरी बिघडत नाही. ‘मुलाला आईने पाहिले’, ‘आईने मुलाला पाहिले’, दोन्ही तेच. क्लिंगॉनमध्ये कर्त्याला आणि कर्माला असा प्रत्यय नाही. जागा बदलली की अर्थ बदलला. “पूक़ लेग़ षोष” म्हणजे आई मुलाला पाहते, “षोष लेग़ पूक़” म्हणजे मूल आईला पाहते. मात्र कुणासाठी, कुणाला हे सांगायचे असेल तर प्रत्यय आहे, आणि तो शब्द सगळ्यांच्या आधी येतो: “पूक़व्हाड पाक़ नोब षोष”, मुलाला पुस्तक देते आई. खिडकीतलीच चाल!

यानंतर नवशिक्याची दुसरी दमछाक होते. क्रियापदाला पुढे एक उपसर्ग लागतो आणि त्या एकाच उपसर्गात कर्ता आणि कर्म दोघेही असतात. ‘मी तुला’ साठी “क़ा”, ‘तू मला’ साठी “चो”, ‘तो मला’ साठी “मू”, ‘तो तुला’ साठी “डू”. कर्म नसेल तर ‘मी’ साठी “जि”, ‘तू’ साठी “बि”. असे एकूण 29. त्यांचा मोठा तक्ता पुस्तकात असतो आणि बरेच नवशिके तो पाहूनच पुस्तक मिटतात. माझ्या मते नवशिक्यापुढे तो तक्ता पहिल्या महिन्यात ठेवूच नये. सहा उपसर्ग घ्यावेत, मी आणि तू पुरते, आणि त्यांवर घरातली पन्नास वाक्ये करावीत. “क़ालेग़”, मी तुला पाहते. “चोलेग़”, तू मला पाहतेस. आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे बोट दाखवून हेच म्हणत होतो. बाहेरून कुणी ऐकले असते तर काय वाटले असते कोण जाणे.

यातही अरबीची मदत होते. ‘क़रअतुहू’ या एका शब्दात वाचणे आहे, मी आहे आणि ते आहे. क्लिंगॉनचे “व्हिलाड” अगदी तसेच, फक्त अरबीत मी आणि ते शेपटीला, इथे तोंडाशी. ज्या घरात कुणी सर्फ आणि नह्व शिकलेले असेल, त्यांना आणखी एक ओळखीची खूण सापडेल. अरबीत ‘अना तालिब’ म्हणतात, मी विद्यार्थी. मध्ये ‘आहे’ नाही. क्लिंगॉनमध्येही ‘आहे’ नाही. “ग़ोजवि’ जिख़”, विद्यार्थी मी. शब्दाच्या मागे ’ ही खूण दिसते तिथे हमजा म्हणावा. 1991 च्या सहाव्या चित्रपटात ‘हॅम्लेट’मधले ते प्रसिद्ध स्वगत क्लिंगॉनमध्ये म्हणायची वेळ आली तेव्हा ओक्रांड यांची पंचाईत झाली, कारण ते स्वगत ‘असण्या’पासूनच सुरू होते. त्यांनी ‘टिकून राहणे’ या अर्थाचे क्रियापद देऊन वेळ निभावली. 1996 मध्ये अख्खे ‘हॅम्लेट’ क्लिंगॉनमध्ये आले.

आणि आता माझ्या आवडीचा भाग, प्रत्यय. नामाला पाच प्रकारचे प्रत्यय लागतात, क्रियापदाला नऊ प्रकारचे, आणि शिवाय काही फिरते. नऊ ऐकून घाबरायला होते. पण ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द घ्या. घर, आत, ल, यां, ना, सुद्धा. एवढे डबे आपण एका दमात जोडतो आणि कुणाला त्यांचा क्रम विचारला तर सांगता येणार नाही, पण ‘घरसुद्धानातल्यां’ कुणी म्हणत नाही. क्लिंगॉनमध्येही डब्यांचा क्रम ठरलेला आहे. “जूख़” म्हणजे घर, “मेय” अनेकवचन, “माज” आमचे, “डाक़” मध्ये: “जूख़मेयमाजडाक़”, आमच्या घरांमध्ये. मधला एखादा डबा नसला तरी चालतो, मागचा पुढे आणता येत नाही.

क्रियापदाच्या प्रत्ययांपैकी सर्वांत आधी “मोख़” शिकवावा असे मला वाटते. मराठीत शिकणे–शिकवणे, बसणे–बसवणे, उघडणे–उघडवणे यांत जे ‘व’ करते तेच काम तो करतो. “ग़ोज” शिकणे, “ग़ोजमोख़” शिकवणे. त्याला ‘णारा’ या अर्थाचा “वि’” जोडला की “ग़ोजमोख़वि’”, शिकवणारा. शब्दकोशात ‘शिक्षक’ हा शब्द पाठ करण्याऐवजी मुलाला तो तयार करता आला की त्याच्या डोळ्यांत जी चमक येते, ती मी वर्गात फार थोड्या वेळा पाहिली आहे. भाचीने त्याच दुपारी वाचणारा, पाहणारा, देणारा, सगळे शब्द करून टाकले. शेवटी म्हणाली, “क़ाग़ोजमोख़, खालाजान.” मी तुम्हाला शिकवते!

नकाराचा प्रत्यय “बे’” हा फिरता आहे. ज्या गोष्टीला नाही म्हणायचे तिच्या लगेच मागे तो उभा राहतो. “क़ांग” म्हणजे तयारी असणे. “जिग़ोजक़ांगबे’” म्हणजे मी शिकायला तयार नाही. “जिग़ोजबे’क़ांग” म्हणजे मी न शिकायला तयार आहे. मराठीत हा फरक करताना आपल्याला वाक्य फिरवावे लागते, इथे एक डबा हलवला की झाले. त्याशेजारी “ख़ा’” नावाचा प्रत्यय आहे, तो नाही म्हणत नाही, तो उलटे करतो. “याज” समजणे, “याजबे’” न समजणे, “याजख़ा’” गैरसमज होणे. न समजणे आणि गैरसमज होणे हे दोन वेगळे आजार आहेत, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. प्रश्न विचारायचा तर क्रियापदाच्या शेवटी “’आ’”. अरबीत प्रश्नाचा हमजा वाक्याच्या सुरुवातीला येतो, हा क्रियापदाच्या शेपटीला. “बियाज’आ’?” समजलं का?

काळ नाही. हे ऐकून भाची आधी खूश झाली, मग गोंधळली. उर्दूत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्या दोन्ही, कुठला ते क्रियापद सांगते. इथे नेमके उलटे आहे. क्रियापद गप्प बसते आणि शब्द सांगतो. “वा’ख़ू’ पाक़ व्हिलाड” काल मी पुस्तक वाचले, “वा’लेष पाक़ व्हिलाड” उद्या मी पुस्तक वाचेन. काम पूर्ण झाले हे दाखवायला “पू’” लागतो, पण नवशिके तो भूतकाळाचा प्रत्यय समजून जिथे तिथे चिकटवतात. त्यातून नामाचा एक वेगळा “पू’” आहे, तो बोलू शकणाऱ्यांचे अनेकवचन करतो. अवयवांना वेगळा, “डू’”. बाकी सगळ्यांना “मेय”. अरबीतही माणसांचे अनेकवचन आणि इतर वस्तूंचे अनेकवचन वाक्यात वेगवेगळे चालतात, तेव्हा आपल्याला याचे नवल वाटू नये. “पूक़पू’” म्हणजे मुले. चुकून “पूक़मेय” म्हटले तर? चूक नाही, अर्थ बदलतो: इकडेतिकडे पसरलेली मुले. ईदच्या दिवशी आमच्या घरात असतात ती. ‘माझे’ म्हणतानाही हाच भेद आहे. “पाक़विज” माझे पुस्तक, पण “पूक़वि’” माझे मूल. मुलाला पुस्तकाचा प्रत्यय लावला तर व्याकरण मोडत नाही, पण त्या माणसाला वस्तूत जमा केल्यासारखे होते. तो अपमान समजला जातो.

हे सगळे आम्हाला आमच्या बुद्धीने कळले असे नाही. भाची ज्यांच्या धड्यांवर शिकत होती त्यांची एक परंपरा आहे. 1992 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लॉरेन्स शोएन यांनी क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू केली. तिचे ब्रीदवाक्य “क़ो’मेय पोषमोख़ ख़ोल” असे आहे. आता ते तुम्हालाच उलगडेल: “क़ो’” जग, “मेय” अनेकवचन, “पोष” उघडे असणे, “मोख़” आपला ओळखीचा, “ख़ोल” भाषा. जगे उघडते भाषा. दरवर्षी या लोकांचा मेळावा भरतो, त्याला “क़ेप’आ’” म्हणतात. तिथे परीक्षाही होतात. पहिल्या पायरीला कांस्य, दुसऱ्या पायरीला रौप्य, तिसऱ्याला सुवर्ण बिल्ला. पायऱ्यांची नावे ताग़वि’, ग़ोजवि’, पो’वि’: सुरुवात करणारा, शिकणारा, निष्णात असलेला. पहिलाच बिल्ला ‘सुरुवात करणारा’ या नावाचा आहे आणि लोक तो मिरवतात.

या संस्थेत एक पद असे की मला ते ऐकून हेवा वाटला. नवशिक्यांचा व्याकरणकार. नवखा माणूस वाक्य करायचा, चुकायचा, आणि त्याला उत्तर देण्याचे काम या एका माणसाकडे असायचे, म्हणजे दहा जाणकारांनी एकाच वेळी त्याच्यावर तुटून पडू नये. व्याकरण येणाऱ्यांना दुसऱ्याची चूक दिसली की गप्प बसवत नाही. मलाही बसवत नाही, मी काही वेगळी नाही. म्हणून नवशिक्याच्या दाराशी एकच माणूस उभा करायचा, त्याने आधी बरोबर काय आहे ते सांगायचे, मग एक चूक, फक्त एक.

हे त्यांना सुचले याचे एक कारण मला असे वाटते की या भाषेत जन्माने बोलणारा कुणीच नाही. अमेरिकेत एका भाषाशास्त्रज्ञ पित्याने आपल्या मुलाशी पहिली तीन वर्षे फक्त क्लिंगॉन बोलून पाहिले होते. पण मूल मोठे झाले तशी ती भाषा त्याने टाकून दिली. म्हणजे आज जे कुणी अस्खलित बोलतात ते सगळे कधी ना कधी ‘पुस्तकाने मूल वाचले’ असे लिहून बसलेले आहेत. आपल्याला मराठी कशी आली हे आपल्याला आठवत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याचे पाऊल कुठे घसरते हे आपल्याला दिसत नाही. त्यांना ते आठवते.

आमचे हे अजूनही विचारतात, उपयोग काय? मी त्यांना ओक्रांड यांची आधीची गोष्ट सांगितली. परग्रहाची भाषा रचण्यापूर्वी त्यांनी पृथ्वीवरच्या एका भाषेचे व्याकरण लिहिले होते. कॅलिफोर्नियातल्या सान हुआन बाउतिस्ता परिसरातल्या मूळ रहिवाशांची भाषा, मुत्सुन. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, असेन्सिओन सोलोर्सानो, 1930 मध्ये वारल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी जॉन हॅरिंग्टन नावाच्या अभ्यासकाला जे सांगितले ते कागदावर राहिले, आणि त्याच्या शंभरएक वर्षे आधी एका मिशनमधल्या पाद्र्याने केलेल्या नोंदी राहिल्या. ओक्रांड यांनी त्या कागदांतून बर्कलीच्या विद्यापीठात 1977 मध्ये आपला प्रबंध पूर्ण केला. तेव्हा ती भाषा बोलणारे कुणीच नव्हते. नंतर त्या लोकांच्या नातवंडा–पतवंडांनी ती पुन्हा शिकायला घेतली. 2016 मध्ये मुत्सुन आणि इंग्रजीचा शब्दकोशही झाला. तिथेही आज बोलणारा प्रत्येकजण नवशिक्याच आहे. एखाद्याने पहिल्या चुकीला वही मिटली तर तिथे नुकसान एका माणसाचे होत नाही.

हे ऐकून यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. एवढेच. मान्य केले असे मी म्हणणार नाही.

क्लिंगॉनमध्ये “व्हिप” नावाचा एक प्रत्यय आहे, भीती वाटणे. “ग़ोजव्हिप”, तो शिकायला घाबरतो. व्याकरणाने तो ‘मी’ लाही लागू शकतो. पण क्लिंगॉन योद्धे स्वतःबद्दल तो कधी वापरत नाहीत, भिल्याचे कबूल करणे त्यांच्यात शोभत नाही. भाचीला हे कळल्यापासून ती फार विचारात होती. जायच्या आदल्या रात्री तिने वहीत एक शब्द लिहून माझ्यापुढे ठेवला: “जिग़ोजव्हिपबे’”. मी शिकायला घाबरत नाही.

उपसर्ग बरोबर, प्रत्ययांचा क्रम बरोबर, नकार योग्य जागी. मी दोनदा तपासले. मग तिने मला तो मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाली, “खालाजान, ‘व्हिप’ला दात लावा. तुमचं ‘विप’ होतंय.”